पथ्यातलं खोटं
रोज सकाळी न चुकता गोळी घेतो, तरी मधूनच पारा १८०/१०० वर! डॉक्टरांच्या मते लोणचं, अपुरी झोप, गुडघ्यासाठी घेतलेली वेदनाशामक गोळी, कुणीही गुन्हेगार असू शकतं. पांढऱ्या कोटाच्या नुसत्या दर्शनानेही तो चढतो म्हणे. १८९६ साली इटलीत रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा शोधला. आमच्या घरी तो आल्यापासून मला कुणी खरं सांगेनासं झालं. ताईचं ऑपरेशन मला आठ दिवसांनी कळलं. ‘तुमचं बीपी वाढलं असतं,’ ही म्हणाली. म्हणजे आठ दिवस माझं बीपी उत्तम राहिलं, ते कुणाच्या जिवावर? आकडा माझा, तशी ताईची काळजी करण्याचा हक्कही माझाच ना? हल्ली घरात कुणी फार गोड बोललं, की मी गुपचूप पट्टा बांधून बसतो.