तुकडा काय सांगतो

बायोप्सीचा रिपोर्ट आला की विषय संपला, असं रुग्णालाही वाटतं आणि पुष्कळदा डॉक्टरलाही. जबड्याच्या हाडातल्या दुर्मीळ गाठी मात्र इतक्या सरळ नसतात.

खालच्या अक्कलदाढेभोवती ओपीजीवर, म्हणजे जबड्यांच्या एक्स-रेवर, काळा डाग दिसला, तर ती दाढेभोवतीची साधी सिस्ट असेल, केराटोसिस्ट असेल, नाहीतर अमेलोब्लास्टोमा. फोटोत तिन्ही एकमेकांत सहज खपून जातात. साधी सिस्ट दाढेसकट काढली की बहुधा प्रश्न मिटतो. केराटोसिस्ट खरवडून काढली तरी पुन्हा उगवू शकते. मोठ्या अमेलोब्लास्टोमासाठी तर जबड्याचा भागच कापावा लागतो. म्हणून तुकडा तपासायचा. पण केराटोसिस्टमध्ये पू झाला असेल, तर त्या जागी तिच्या अस्तराची ओळखीची ठेवण पुसली जाते. नेमका तिथलाच तुकडा घेतला, तर स्लाइडवर साधी सिस्टच दिसणार. यात पॅथॉलॉजिस्टचं काही चुकलेलं नसतं. (या केराटोसिस्टला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २००५ मध्ये ट्यूमर ठरवलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये बसवलं. तज्ज्ञांचंच असं, तर बाकीच्यांनी काय करावं!)

याहून विलक्षण प्रकार ‘ब्राऊन ट्यूमर’चा. स्लाइडवर अनेक केंद्रकांच्या मोठाल्या पेशी आणि रक्तस्रावाच्या खुणा. जायंट सेल ग्रॅन्युलोमा या जबड्यातल्या दुसऱ्या गाठीतही हेच. सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी हा फरक त्याच्या आवाक्यातला नाही. कारण ब्राऊन ट्यूमरचं मूळ दुखणं जबड्यातलं नसतंच. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जादा हार्मोन सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम उपसलं जातं. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासलं की उलगडा होतो. दोष ग्रंथीतच असेल, तर ती काढल्यावर जबड्यातली गाठ पुष्कळदा आपोआप भरून येते. दातांच्या डॉक्टरने ‘कधी मुतखडा झाला होता का?’ असं विचारलं तर रुग्ण चक्रावेल, पण तो प्रश्न अगदी नेमका असतो.

म्हणूनच माझी तक्रार तुकड्याच्या फॉर्मालिनच्या बाटलीसोबत पॅथॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या कागदाबद्दल आहे. त्यावर ‘जबड्यातली गाठ, तपासावी’ एवढंच लिहून कसं चालेल? ओपीजीची प्रत जोडावी, जुनी आजारपणं लिहावीत, आणि शेजारच्या दातांना गार लावल्यावर कळ येते का, तेही. ती येत असेल, तर दात किडून मुळाशी झालेली नेहमीची सिस्ट हा संशय बराच मागे पडतो.