केशवाढीची मर्यादा आणि धर्माचा अधिकार

डोक्यावरील केस कधीच कापले नाहीत, तर ते आयुष्यभर वाढत राहतात की एका ठरावीक लांबीला येऊन थांबतात, हा प्रश्न वरवर पाहता शरीरशास्त्राचा आहे. परंतु भारतीय धर्मपरंपरांनी केसांना दिलेले स्थान लक्षात घेतले, म्हणजे त्याच्या पोटात दडलेला दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न समोर येतो. निसर्गाने केसांना मर्यादा घातली असेल, तर माणसाने केसांचे काय करावे याविषयी ती मर्यादा काही आज्ञा देते का, आणि एखाद्याचे केस त्या मर्यादेपलीकडे गेलेले दिसले, तर त्यात दैवी संकेत मानावा का, असा तो प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निरीक्षणाने मिळते, दुसऱ्याचे विचाराने; आणि या दोहोंची गल्लत झाली की तिची किंमत कोणाला तरी आपल्या शरीराने मोजावी लागते.

या प्रश्नाचा विचार नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात उभे राहून करणे विशेष उपयुक्त ठरते. पारशिवनीजवळ पेंच नदीच्या खडकाळ पात्रात घोगरा महादेवाचे स्थान असून महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. तेथे पूजिला जाणारा देव जटाधारी आहे आणि स्वर्गातून कोसळणारी गंगा त्याच्या जटांत अडकून राहिली, अशी रामायणाच्या बालकांडातील कथा आहे. शेजारच्या रामटेकला शांतिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे, आचार्य विद्यासागरांचे चातुर्मास तेथे झाले, आणि त्या परंपरेतील मुनी आपले केस स्वतःच्या हाताने उपटून काढतात; यालाच लोच म्हणतात. त्याच जिल्ह्यात नागपूरची दीक्षाभूमी आहे, जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि त्या धम्माचे भिक्खू मुंडन करतात. जटा, लोच आणि मुंडन या तिन्ही वाटा एकाच जिल्ह्यात एकत्र नांदतात, आणि तिन्ही वाटांना शरीराचे वास्तव मात्र एकच आहे.

ते वास्तव असे. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म कोषातून उगवतो, त्याला केशकूप म्हणतात. केशकूप अखंड काम करीत नाही; त्याच्या कामाचे फेरे असतात. पहिला टप्पा वाढीचा, त्याला शास्त्रीय परिभाषेत ॲनाजेन म्हणतात आणि डोक्याच्या केसांच्या बाबतीत तो सामान्यतः २ ते ६ वर्षे टिकतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा टप्पा येतो, आणि मग सुमारे ३ महिन्यांचा विश्रांतीचा टप्पा, ज्याच्या अखेरीस जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. डोक्यावर सरासरी १ लाख केस असतात, त्यांतील बहुसंख्य कोणत्याही क्षणी वाढीच्या टप्प्यात असतात, आणि रोज साधारणपणे ५० ते १०० केस गळून जातात. केसाची वाढ महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर होते; त्यामुळे ज्याचा वाढीचा काळ २ वर्षांचा आहे त्याचे केस ३० सेंटिमीटरपाशी थांबतात आणि ज्याचा ६ वर्षांचा आहे त्याचे ९० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेपर्यंत, पोहोचतात. भुवईचे केस डोळ्यांवर येत नाहीत, कारण त्यांचा वाढीचा काळ अवघ्या काही महिन्यांचा असतो.

यावरून दिसते ते असे की निसर्गाने केसाला लांबी नेमून दिलेली नाही, मुदत नेमून दिलेली आहे, आणि लांबी ही त्या मुदतीतून निघणारी गोष्ट आहे. ही मुदत मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. वय, आहार, आजारपण आणि अंतःस्राव यांनी ती काहीशी कमीजास्त होते. तिला दुसरी एक मर्यादाही येऊन मिळते. केसाच्या पृष्ठावर घरावरील कवेलूंसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. ते ऊन, घर्षण आणि विंचरणे यांनी वर्षानुवर्षे झिजतात, आणि लांब केसाचे टोक गळण्याची वेळ येण्याआधीच तुटते.

साऱ्या मनुष्यजातीला लागू पडेल असा एकच आकडा मात्र या मर्यादेला नाही. चीनमधील शिए छिउपिंग यांनी १९७३ पासून, वयाच्या तेराव्या वर्षापासून, केस वाढवले आणि २००४ मध्ये त्यांची लांबी ५.६२७ मीटर भरली. प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची लांबी २०२३ मध्ये २३६.२२ सेंटिमीटर अशी गिनीज विक्रमांत नोंदली गेली, तेव्हा त्यांचे वय ४६ होते आणि चौदाव्या वर्षापासून त्यांनी केस कापलेले नव्हते. वाढीचा सरासरी वेग धरला तर ३२ वर्षांत केसांची लांबी ४ मीटर ८० सेंटिमीटर व्हायला हवी होती; प्रत्यक्षात ती त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिली. विक्रमी केसांनाही मर्यादेने गाठले, ही गोष्ट त्या विक्रमाइतकीच बोधक आहे.

आता महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळता येईल. डोक्यावर जट आलेल्या बाईला ‘देवीची जट आली’ असे म्हटले जाते. ती कापली तर देवीचा कोप होईल, घरात कोणी तरी दगावेल, अशी भीती घातली जाते. जटेला हळदकुंकू वाहिले जाते, आणि पूर्वी अशा कित्येक मुली सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. जट दैवी असल्याच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे मुख्य कारण हे की ती इतर केसांसारखी थांबत नाही, ती वाढतच जाते. न्यायदर्शनाच्या भाषेत हे एक अनुमान आहे: या जटेत देवीचा वास आहे, हे साध्य, कारण ती अमर्याद वाढते, हा हेतू. न्यायशास्त्र सांगते की जेथे हेतूच मुळात सिद्ध नाही, तेथे अनुमान उभे राहत नाही. डोंगरावरील धुके धूर समजून तेथे अग्नी असल्याचे कोणी ठरवले, तर तो असिद्ध हेतूचा दोष होतो. जटेबाबत नेमके हेच घडते.

जटेतील केस इतर केसांहून अधिक वाढलेले नसतात. केस दीर्घकाळ विंचरले वा धुतले गेले नाहीत, तर गळलेले केस डोक्यापासून दूर होत नाहीत. त्यांचे खवले शेजारच्या केसांत अडकतात, तेल, घाम आणि धूळ त्यांना चिकटवून ठेवतात, आणि नवा केस जुन्या मृत केसांच्या गुंत्याला मुळाकडून जोडला जातो. रोज गळणारे ते ५० ते १०० केस अन्यत्र फणीत येतात, येथे ते जटेतच राहतात. म्हणून गुडघ्यापर्यंत पोहोचलेली जट हा एका केसाचा पराक्रम नसून केसांच्या अनेक पिढ्यांची साखळी असते; तिचे खालचे टोक कधीच गळून गेलेल्या केसांचे असते. वैद्यकात या अवस्थेला प्लिका पोलोनिका म्हणतात. हे नाव पोलंडवरून पडले, कारण तेथेही असा गुंता कापल्यास रोग जडतो किंवा आंधळेपण येते अशी समजूत शतकानुशतके होती, आणि १९व्या शतकात क्राकुवचे वैद्य योझेफ डिटल यांना त्या समजुतीशी झगडावे लागले. पोलंडमधील विस्तुला नदीच्या काठावरील शेतकरी स्त्रीला यल्लम्मा ठाऊक नव्हती, तरी तिच्या डोक्यावर तीच जट होती आणि मनात तीच भीती होती.

केस न कापणे आणि जट होऊ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शीख परंपरेवरून स्पष्ट होते. गुरू गोविंदसिंहांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसाची स्थापना केली आणि १७०८ मध्ये त्यांचे देहावसान महाराष्ट्रातील नांदेड येथे झाले, जेथे आज तख्त सचखंड श्री हुजूर साहिब उभे आहे. खालशाच्या पाच ककारांत, म्हणजे धारण करायच्या पाच चिन्हांत, केश आहेत आणि त्यांच्या जोडीला कंगाही आहे. ईश्वराने दिलेल्या रूपात हस्तक्षेप करू नये म्हणून केस कापायचे नाहीत. पण कंग्याने ते रोज विंचरायचे, म्हणजे जे गळले ते दूर होते आणि जे वाढते ते स्वच्छ राहते. देहाच्या स्वाभाविक मर्यादेचा स्वीकार आणि देहाची निगा या दोन्ही गोष्टी या जोडीत एकत्र आल्या आहेत.

जैन परंपरेची दिशा याच्या उलट आहे. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत, म्हणजे साधूला अनिवार्य असलेल्या नियमांत, केशलोचाचा समावेश होतो. दोन महिन्यांनी केलेला लोच उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम आणि चार महिन्यांनी जघन्य मानला जातो. बोटांची पकड बसावी म्हणून राख लावून मूठमूठ केस उपटले जातात आणि त्या दिवशी मुनी उपवास करतात. वस्तरा लागला तर परावलंबन येते, केस वाढले तर त्यांत जीव होऊन हिंसा घडते, आणि त्यांचे कौतुक वाटू लागले तर देहासक्ती वाढते, ही त्यामागील कारणमीमांसा आहे. श्वेतांबर परंपरेत ऋषभदेवांनी चार मुठी केस उपटले आणि पाचवी मूठ इंद्राच्या विनंतीवरून राहू दिली, अशी कथा येते; म्हणूनच त्यांच्या मूर्तींच्या खांद्यांवर केसांच्या बटा दिसतात.

बौद्ध परंपरेने मध्यम मार्ग येथेही सोडला नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूचे केस दोन महिन्यांच्या किंवा दोन अंगुळांच्या मर्यादेपलीकडे जाऊ नयेत असा नियम आहे, म्हणजे काळ आणि लांबी या दोन्ही मापांचा विचार त्यात केलेला आहे. जातकांच्या प्रस्तावनेत, म्हणजे निदानकथेत, असे सांगितले आहे की सिद्धार्थाने तलवारीने केस कापल्यावर ते दोन अंगुळे उरले आणि पुढे आयुष्यभर तेवढेच राहिले. ही श्रद्धेची कथा आहे. तिचा रोख असा की तृष्णा थांबली तेथे केसांची वाढही थांबली. पण त्याच परंपरेतील धम्मपदाने जटा वाढवल्याने कोणी ब्राह्मण होत नाही आणि मुंडन केल्याने कोणी श्रमण होत नाही, असे दोन्ही बाजूंना बजावले आहे, आणि हे बजावणे त्या कथेहून अधिक मोलाचे आहे.

या परंपरा शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. केशकूप सर्वांचे सारखेच आहेत, तरी एकाने केस राखले, एकाने उपटले, एकाने मुंडले. शरीराच्या स्वभावातून धर्माची आज्ञा आपोआप निघत असती, तर सर्वांची आज्ञा एकच झाली असती. जे आहे त्यावरून जे असावे ते निष्पन्न होत नाही, हे १८व्या शतकात डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने दाखवले होते. केसांना अर्थ येतो तो संकल्पामुळे, म्हणजे व्यक्तीने जाणीवपूर्वक घेतलेल्या व्रतामुळे. मुनीचा लोच पवित्र आहे, कारण तो मुनी स्वतः करतो; तेच केस दुसऱ्याने बळजबरीने उपटले असते, तर त्याला छळ म्हटले गेले असते.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा भेद दोनदा पायदळी तुडवला गेला, आणि दोन्ही वेळा स्त्रीच्या डोक्यावर. उच्चवर्णीय विधवेचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढले जात. त्याविरुद्ध समाजसुधारक आगरकरांनी आपल्या ‘सुधारक’ पत्रातून लेखणी चालवली, आणि १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. हातात वस्तरा असलेल्या श्रमिकांनी शास्त्रार्थ करणाऱ्यांच्या आधी न्याय ओळखला, ही या प्रदेशाच्या नैतिक इतिहासातील थोर घटना आहे. दुसरीकडे बहुजन घरांतील स्त्रीची जट तिची इच्छा असूनही काढू दिली जात नव्हती. एकीला केस ठेवायची मुभा नव्हती, दुसरीला काढायची नव्हती. दोघींच्या बाबतीत निर्णय दुसऱ्यांचा होता आणि पुढे केले जाणारे नाव देवाधर्माचे होते.

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. नाशिकच्या सिंहस्थात येणारे साधू जटा राखतात. त्यांना कोणी अडवत नाही, मग बाईच्या जटेलाच विरोध का? उत्तर असे की व्रताची खरी कसोटी ते घेण्यात नसून ते सोडता येण्यात आहे. साधूने जटा उतरवल्या, तर त्याचे व्रत संपते, एवढेच. जट उतरवणाऱ्या बाईला मात्र घरात मृत्यू होण्याची, भाऊबंदांच्या रोषाची आणि गावाच्या बोलण्याची धास्ती वाटते; जेथे सोडण्याची वाट भीतीने बंद केलेली आहे, तेथे श्रद्धा हा शब्द वापरणे योग्य नाही. शिवाय जटेच्या ओझ्याने मान आखडते, झोप मोडते, डोक्यात उवा आणि जखमा होतात; असे दुखणे देवीच्या कृपेचे लक्षण मानणे हा देवीवरही अन्याय आहे.

स्त्रियांना जटेच्या भीतीतून सोडवण्याचे काम महाराष्ट्रात थांबलेले नाही. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे मुख्यालय नागपुरातच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये उभारलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, गावोगाव जाऊन स्त्रियांची समजूत घालून जटा सोडवल्या, आणि देवदासी पद्धतीच्या निर्मूलनासाठी राज्याने २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. या कामात कात्री शेवटी येते. त्याआधी त्या बाईशी, तिच्या सासूशी आणि नवऱ्याशी तासन्तास बोलावे लागते, कारण गुंता जितका केसांत असतो तितकाच भीतीत असतो.

निष्कर्ष असा की मनुष्याच्या केसांना स्वाभाविक मर्यादा आहे, ती प्रत्येक डोक्यागणिक वेगळी आहे, आणि ती ओलांडणारी जट हा चमत्कार नसून गळूनही डोक्यावरच अडकून राहिलेल्या केसांचा साठा आहे. केस राखावेत, कापावेत की उपटावेत, हे ज्याचे त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. दुसऱ्याच्या डोक्यावर तो निर्णय लादण्याचा अधिकार कोणत्याही धर्माला, देवळाला किंवा घराला नाही. ज्यांच्या घरात, शेजारात किंवा गावात जटेच्या भीतीखाली जगणारी एखादी बाई किंवा मुलगी असेल, त्यांनी तिला आधी हे समजावून सांगावे आणि ती तयार झाली की तिची जट उतरवून द्यावी. देवीचा कोप होत नाही.