आंब्याची बिअर

काजूचा बोंडू झाडाखाली दोन दिवस पडून राहिला की आपसूक आंबतो. त्यात माणसाचं कर्तृत्व फारसं नाही. तरी त्याच रसापायी आमच्या वाडीतल्या एका विधवेची मडकी पोलिसांनी फोडली, 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली. बांद्यापलीकडे गोव्यात त्या रसाची फेणी होते. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

यंदा दिवाळीला घरी गेलो, तर पुतण्यानं पुण्याहून आंब्याची क्राफ्ट बिअर आणलेली. डब्यावर हापूस रंगवलेला. पडवीत बसून घेतली. आधी आंबा, मग कडसर, आणि मागाहून थेट बोंडवाचाच वास. वाईट नव्हती, खरं सांगायचं तर. पण घोटागणिक ती बाई आठवायची. हिची किंमत ऐकून तिनं कपाळाला हात लावला असता.

मग पाप रसात की परवान्यात? परवान्याला अर्थ आहे, हे मी मानतो. चोरून गाळलेल्या दारूत काय पडेल त्याचा नेम नाही, माणसं मेलीत. पण परवाना काढायची ऐपत नसणं, हाही गुन्हाच धरायचा का?

आईपुढे हे बोललो. ती वाती वळत होती. म्हणाली, "मडक्यातली काय नि डब्यातली काय! तुझो बापूस तेतूरच गेलो."

त्या बाईनं त्याच पैशांवर दोन पोरं शिकवली. तिच्या धाकट्याच्या लग्नात आई पहिल्या पंगतीला वाढायला उभी होती.