डोळस माणसाने हळू का चालावं?



आज तिसऱ्या अध्यायातल्या विसाव्या श्लोकापाशी आलो. लोकसंग्रहाचा श्लोक. भगवंत जनकाचं उदाहरण देतात आणि अर्जुनाला म्हणतात, लोकांकडे बघून तरी तू कर्म केलं पाहिजेस. इथे माउलींनी एक छोटा दृष्टान्त दिला आहे. आंधळ्याबरोबर वाटेने जाणारा डोळस माणूस पुढे असतो, पण चालतो आंधळ्याच्या चालीने. जाणत्याने नेणत्याला धर्म असाच दाखवायचा, स्वतः आचरून. एका ओवीत विषय संपतो.

नोकरीत असताना शिक्षकदिनाला ही ओवी मी दरवर्षी सांगायचो. टाळ्या मिळायच्या. गेल्या आठवड्यात मात्र ती माझ्याच घशात अडकली.

झालं असं. काशीदच्या किनाऱ्यावर नारळपाण्याची टपरी असलेले एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. बारावी होऊन दोन वर्षं झाली. तिला इथल्याच एका रिसॉर्टवर काउंटरची नोकरी मिळते आहे, महिना बारा हजार आणि जेवण. आणि पोरगी म्हणते, मला डी.एल.एड. करायचंय, शिक्षिका व्हायचंय, पोरांना कबड्डी शिकवायचीय. "गुरुजी, तुमचं ती ऐकते. जरा समजवा तिला."

या मुलीचं वेड मला माहीत होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्या किनाऱ्यावरच्या माडा-पोफळीच्या वाड्या झोपल्या, सुरूची झाडं आडवी झाली. त्यात कोरोनाने शाळा बंद. वर्ग म्हणे मोबाइलवर भरणार, आणि इथे कित्येक दिवस वीजच नाही! तेव्हा ही शाळेतच होती, पण शेजारची आठ-दहा पोरं अंगणात गोळा करून बसायची. पाढे, वाचन, आणि कंटाळा आला की कबड्डी. शाळा सुरू झाल्या तरी कबड्डी थांबली नाही. ओहोटी लागली की ओल्या वाळूत काठीने रेघा मारायच्या आणि पट्टीच्या खेळाडूच्या थाटात पोरांना पकड शिकवायची. भरती आली की मैदान पुसलं जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघा.

तरी मी तिला काय सांगितलं? नोकरी घे. हिशेबच मांडून दाखवला. आधी दोन वर्षं डी.एल.एड., तेही घर सोडून. मग टीईटी. मग अभियोग्यता चाचणी. मग पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसायचं. लागलीच नोकरी तर तीन वर्षं शिक्षणसेवक, १६,००० रुपये मानधन. तोवर रिसॉर्टवर तू कुठल्या कुठे गेलेली असशील. हिशेब चुकीचा नव्हता, अजूनही मला तो चुकीचा वाटत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, एक विचारू? तुमच्या वर्गात तो कातकरवाडीवरचा पोरगा होता, तो शाळेत यायचा का थांबला?"

मंडळी, हे इथे लिहायला मला चार दिवस लागले. त्या वर्षी माझ्या वर्गातून पाच मुलं शिष्यवृत्तीला बसली होती. मला निकाल हवा होता, तालुक्यात नाव हवं होतं. सकाळी जादा तास, संध्याकाळी जादा तास, सगळे त्या पाचांचे. मागच्या बाकावरचा तो पोरगा कधी येईनासा झाला हे मला हजेरीपटावरून कळलं. एकदाही वाडीवर गेलो नाही. आज तो किनाऱ्यावर घोडे धरतो, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं फिरवतो. मी दिसलो की "नमस्कार गुरुजी" म्हणतो, तेही हसून. मी डोळस होतो, पुढेही होतो. नुसता चालत सुटलो होतो.

रात्री झोप लागेना म्हणून अनुताई वाघांचं आठवत बसलो. आपल्याच या समुद्राला वर उत्तरेकडे चालत गेलं की डहाणू तालुक्यात बोर्डी लागतं. अनुताई जन्मल्या १९१० साली. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या बाईची वाट तिथेच संपायची. त्या मात्र शिकल्या, नाशिक जिल्ह्यात चांदोरीला शिक्षिका झाल्या, पुढे पुण्यात हुजूरपागेत. चांगली नोकरी, नावाजलेली शाळा. ती सोडून १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या.

आणि तिथे त्यांनी जे केलं ते म्हणजे माउलींच्या ओवीचा अर्थच की! पोरं शाळेत येत नाहीत? मग शाळा पोरांच्या अंगणात न्यायची. तिथूनच अंगणवाडी हा शब्द आला. पोरं गुरं राखायला जातात? मग बाईंनी कुरणावर जायचं. गुरं चरताहेत, पोरं शिकताहेत, तिचं नाव कुरणशाळा. मोठ्या मुली धाकटं भावंड कडेवर घेऊन घरी बसतात? मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी, म्हणजे भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात. १९५७ ला हे सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. शिकवायचं साहित्य कसलं, तर पानं, बिया, शंख-शिंपले. पाड्यावरच्या पोराला त्यातलं बाईंपेक्षा जास्त कळत असणार. मग आंधळा कोण आणि डोळस कोण, हाही एक प्रश्नच आहे.

'मूल मागे का पडलं' असं मी विचारत आलो होतो. या दोघी विचारत होत्या, 'आपण कुठे पुढे निघून गेलो?'

पण थांबा, एवढ्यावर मला सुटका करून घ्यायची नाही. मुलीच्या बापाचा प्रश्न खोटा नाही. डोळस माणूस जन्मभर हळूच चालला तर तो स्वतः कुठे पोहोचणार? आणि हळू चालायला आपण नेहमी गरिबाच्याच लेकीला का सांगतो? मला दर महिन्याला पेन्शन येते. पेन्शनीत बसून लोकसंग्रहावर बोलणं फार सोपं. जनक तर राजाच होता, त्याला फी भरायची नव्हती. बोर्डीच्या त्या अंगणातून निघालेली कल्पना १९७५ पासून सरकारी योजनेत देशभर गेली, पण तिथे काम करणाऱ्या आपल्या गावच्या ताईला आजही पगार नाही, मानधन आहे. सेवा म्हटलं की पैसे कमी द्यायची सोय होते, हे आपलं पाप आहे, आणि ते ओवीच्या माथी मारू नये.

अनुताईंच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. कोसबाडला काम करता करता, पन्नाशीच्या आसपास, त्या बी.ए. झाल्या. म्हणजे पोरांच्या चालीने चालणाऱ्या बाईने स्वतःची वाट सोडली नव्हती. माउलींनीही डोळस माणसाला थांबायला सांगितलेलं नाही. त्याने डोळे मिटावेत असंही नाही. त्याला पुढेच ठेवलाय. चाल तेवढी दुसऱ्याची. आणि पुढे चालायचं तर वाट त्याला स्वतःला माहीत हवी, म्हणजे आधी शिकायला हवं. नुसतं पोरांवर प्रेम आहे म्हणून भागत नाही. कबड्डीत चुकीची पकड शिकवली तर पोराचा गुडघा जातो.

परवा ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलो. पोरं खेळत होती. रेघेबाहेर उभा राहून गुण मोजत होता तो घोडेवाला. तिने त्याला हे काम देऊन टाकलंय. वाळूत काडीने आकडे लिहितो. पाच उलटा काढत होता, तिने शेजारी एक सरळ काढून ठेवला आणि खेळाकडे वळली. काही बोलली नाही.

तिथूनच टपरीवर गेलो. तिच्या वडिलांना म्हटलं, तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात माझं नाव घालायचं राहिलंय. दोन वर्षांची फी माझ्याकडे. उपकार नाहीत, जुनी बाकी आहे, कुणाची ते विचारू नका. ते बराच वेळ शहाळं सोलत राहिले. मग म्हणाले, "रिसॉर्टवाल्यांना नाही कळवतो. पण फॉर्म भरून ॲडमिशन होईपर्यंत शनिवार-रविवार ती टपरीवर पाहिजे. गर्दी मला एकट्याला आवरत नाही." ती लगेच हो म्हणाली.

म्हणजे शनिवार-रविवारी पोरांकडे बघायला कुणीतरी हवं. मला कबड्डी येत नाही, शिट्टी वाजवता येते. गुण मोजायला तो आहेच. उद्या शनिवार, ओहोटी गाठायची आहे, त्यामुळे एकविसाव्या श्लोकावरचं लिखाण रात्री उशिरा टाकीन.

राम कृष्ण हरी.