किळस सरल्यावर

सार्वजनिक वाटेवर कुत्र्याने केलेली घाण दिसली की आपण नाक दाबून बाजूने जातो आणि तिच्या धन्याला मनोमन दूषण देतो. ही किळस आपल्याला रक्षक वाटते. निसर्गाची योजना मात्र विपरीत आहे. कुत्र्याच्या आतड्यातील टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, तेव्हा ती कोणालाही बाधू शकत नाहीत. अंड्याच्या आत अळी तयार होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर ऊनपावसाने विष्ठेचा मागमूस उरत नाही. जमीन स्वच्छ दिसते, मुले तेथे मातीची घरे बांधतात. आणि जाड कवचाची ती अंडी त्या मातीत वर्षानुवर्षे तग धरून राहू शकतात.

मातीचा हात तोंडात गेला की अळ्या आतड्यात सुटतात आणि यकृत, फुप्फुसे, क्वचित डोळा येथवर भटकतात. बहुतेकांना त्याची जाणीवही होत नाही. पण काहींची दृष्टी जाते. १९५० साली अमेरिकेत हेलेनोर वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेने काढलेले, परंतु कर्करोग नसलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांतील अनेक डोळे कर्करोगाच्या संशयावरूनच काढले गेले होते. ४६ पैकी २४ डोळ्यांत त्यांना कृमींच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष आढळले. पुढे १९५६ साली त्यांतील काही अळ्या टॉक्सोकाराच्या म्हणून ओळखल्या गेल्या.

मुलाचा हा डोळा कोणाच्या हिशेबी मांडायचा? चोराने चोरी केली की ज्याचे गेले तो समोर असतो. येथे कुत्रा फिरवून घरी गेलेल्या सज्जनाला ते मूल कधी भेटणार नाही, आणि मुलाच्या आईलाही त्याचे नाव कळणार नाही. तरीही, पुरावा नाही म्हणून अपराध नाही, हा न्यायालयाचा नियम सदसद्विवेकाला लावता येईल असे आम्हांस वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून कुत्र्याची विष्ठा उचलणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पण पहाटेच्या निर्जन रस्त्यावर वाकायला लावणारी गोष्ट दंडाहून निराळी असावी लागते.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांना धनी नाही असे आपण म्हणतो, आणि संध्याकाळी उरलेला भात मात्र त्यांनाच घालतो. ही ममता खोटी नव्हे, अर्धी आहे. ज्याला आपण रोज जेवू घालतो, त्याच्या पोटातील जंतांशी आपला संबंध नाही हे म्हणणे आम्हांला पटत नाही. कुत्रीच्या शरीरात सुप्त असलेल्या अळ्या पिल्लांना गर्भातच गाठतात. म्हणूनच पहिले औषध पिल्लू दोन आठवड्यांचे होताच द्यावे लागते. आमच्या गल्लीत कुत्री व्याली की मुले त्याच दिवशी पिल्लांची नावे ठेवून मोकळी होतात. औषधाची तारीख मात्र कोणाच्याच दिनदर्शिकेवर नसते.