खरें, खोटें आणि सारखें

खरें आणि खोटें ही जोडी आपल्या तोंडांत इतकी बसून गेली आहे कीं, ह्या दोहोंमध्यें तिसरें कांहीं असूं शकेल अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. नाणें खरें असतें, नाहीं तर खोटें. साक्ष खरी असते, नाहीं तर खोटी. परंतु व्यवहारांत अशा कित्येक वस्तू आढळतात कीं, ज्यांना खऱ्या म्हणवत नाहीं आणि खोट्या म्हणणें अन्यायाचें होतें. दुसऱ्या एखाद्या वस्तूसारख्या दिसाव्या म्हणूनच त्या घडविलेल्या असतात, आणि ही गोष्ट लपविण्याचा त्यांच्या कर्त्याचा हेतूहि नसतो. अशा वस्तूंना आपण ‘सारख्या’ म्हणूं. ह्या सारखेपणाची नीति कोणती, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय सुचण्याचें निमित्त अगदीं लौकिक आहे. रत्नागिरींतील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास एक मोटार विकत घ्यावयाची आहे. मोटार दोन माणसांची, बिनछपराची, शर्यतीच्या घाटाची. जुनी, म्हणजे दोनतीन हातांतून फिरलेली. आणि मुख्य म्हणजे सुटे भाग आणून कोणी हौशी माणसानें जुळविलेली, एका प्रसिद्ध विलायती गाडीची प्रतिकृति. “सर, ही घेणें म्हणजे खोट्या वस्तूला पैसे देणें होईल काय?” असा त्याचा प्रश्न आहे. किंमत रास्त कीं अवाजवी, हें तो एखाद्या मेस्त्रीला विचारूं शकला असता. त्याची शंका निराळी आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

ज्या गाडीची ही प्रतिकृति तिचा इतिहास पाहिला म्हणजे प्रश्न सुटण्याऐवजीं अधिकच गुंततो. कॉलिन चॅपमन ह्या इंग्रज इंजिनियरानें १९५७ सालीं ‘लोटस सेव्हन’ ही गाडी पुढें आणली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन बैठकी, आणि ह्यापलीकडे जें जें टाकतां येईल तें तें टाकलेलें, असें तिचें रूप होतें. त्या काळीं इंग्लंडांत तयार मोटारीवर खरेदी-कर पडे. सुट्या भागांवर तो पडत नसे. म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकें ही गाडी सुट्या भागांच्या रूपानें घेत आणि घरीं आपल्या हातानें जुळवीत. जुळणीची माहिती सोबत दिली तर सवलत बुडे. तेव्हां गाडी खोलावी कशी ह्याचें पत्रक देत आणि गिऱ्हाईक तें शेवटाकडून वाची, अशी एक आख्यायिकाहि सांगतात. १९७३ सालीं तो कर गेला, आणि त्याच वर्षीं ह्या गाडीचे हक्क केटरहॅम ह्या दुसऱ्या मंडळीकडे गेले. पुढें तीच गाडी निराळ्या नांवानें होत राहिली. म्हणजे जिला आपण ‘मूळ’ म्हणतों, तीच मुळांत घरोघर जुळविलेली! नागसेनानें मिलिंद राजास रथाचें एकेक अंग दाखवून ‘हाच काय रथ?’ असें विचारलें होतें. त्याच्या हातीं ही गाडी लागती, तर त्याला निराळा दृष्टान्त शोधावा लागला नसता.

हें वेड आपल्या किनाऱ्यालाहि अपरिचित नाहीं. ह्या शतकाच्या आरंभीं अलिबागजवळ कार्लेखिंडीच्या परिसरांत ‘चिंकारा मोटर्स’नें लोटस सेव्हनच्या धर्तीवर एक रोडस्टर घडविली. तिचें अंग फायबरचें आणि इंजिन इसुझूचें, १.८ लिटरचें, म्हणजे आपल्या ओळखीच्या अ‍ॅम्बॅसडरमध्यें जें बसवीत, त्याच जातीचें. विलायती घाट आणि सरकारी कचेरीच्या दारांत उभ्या राहणाऱ्या गाडीचें हृदय, असा हा संगम होता. त्याला ‘धर्तीवर’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे; पुढें त्याचें काम पडणार आहे.

रत्नागिरीकरास तरी असल्या संगमाचें नवल वाटूं नये. हापुसाची कोय रुजवून हापूसच मिळेल असा भरंवसा नसतो. म्हणून रायवळाच्या रोपावर हापुसाची काडी बांधून कलम करतात. मूळ रायवळाचें, माथा हापुसाचा. आपल्या बागांतील प्रत्येक हापूस अशा रीतीनें दुसऱ्या हापुसाची प्रतिकृतीच आहे, आणि तरीहि कलमाच्या झाडाला कोणी खोटें झाड म्हणत नाहीं. उलट, परप्रांतींचा आंबा रत्नागिरीच्या पेटींत भरून बाजारांत मांडला, तर तो आंबा कितीहि गोड असला तरी व्यवहार खोटा ठरतो. कोंकणपट्टींतील पांच जिल्ह्यांच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें ह्या खोटेपणाला आळा बसावा म्हणूनच. ह्या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते: खोटेपणा फळांत नसतो, पेटीवरच्या अक्षरांत असतो.

वेदान्ताच्या ग्रंथांतून शिंपीवर रुप्याचा भास होण्याचा दृष्टान्त वारंवार येतो. भाट्याच्या वाळूंत चकाकणारी शिंप कोणास फसवीत नाहीं. ‘हें रुपें आहे’ हा निर्णय पाहणाराचा असतो. प्रतिकृतीलाहि हा न्याय लावून तिला निर्दोष ठरवितां येईल. परंतु वेदान्त्यांच्या दृष्टान्तांत शिंप विकणारा कोणी नाहीं, आणि व्यवहारांत तो असतो. शिंप निरपराध आहे म्हणून विकणाराहि निरपराध, असें मात्र म्हणतां येत नाहीं.

वस्तु जुनी असली म्हणजे हा प्रश्न विशेष बिकट होतो. ज्यानें गाडी जुळविली त्याला तिचा बोल्ट न् बोल्ट माहीत असतो. कोणता सांधा कोणी जोडला, सुकाणूचा दांडा कोणत्या गाडीचा, ब्रेक कोठून काढले, हें सारें तो पहिल्या गिऱ्हाइकास मोकळेपणानें, कदाचित् अभिमानानेंहि, सांगतो. तें गिऱ्हाईक दुसऱ्यास विकतांना ‘लोटसच्या धर्तीवरची’ एवढेंच सांगतें. दुसरा तिसऱ्यास ‘लोटससारखी’ म्हणतो. आणि तिसऱ्याच्या तोंडीं ‘लोटस’ एवढेंच उरतें. कोणीहि सरळ सरळ खोटें बोललेला नाहीं. प्रत्येकानें सत्याचा एकेक शब्द मात्र वाटेंत गाळला आहे. सज्जनांच्या हातूनच असत्य कसें तयार होतें, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

मौन हें असत्य केव्हां होतें, ह्याचा विचार आपल्या कायद्यानें फार पूर्वीं केलेला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखालीं घोड्याच्या विक्रीचीं तीन उदाहरणें दिलीं आहेत. घोडा सदोष आहे हें ठाऊक असून लिलांवांत विकणारा गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळें बोलणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारा जर म्हणाला कीं, ‘तुम्हीं नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन,’ तर त्यानंतरचें मौन हें बोलण्याइतकेंच आहे. कायद्याचें हें तारतम्य मार्मिक आहे. परंतु नीतीचें काम कायदा जेथें थांबतो तेथें सुरू होतें. लिलांवांत घोडा घेणारा त्याचे दांत पाहूं शकतो. रंगाखालचा कच्चा सांधा आंबा घाट उतरेपर्यंत कोणास दिसत नाहीं, आणि त्या घाटांत विक्रेत्याच्या मौनाची किंमत घेणारास, किंवा समोरून येणाऱ्या निरपराध वाटसरास, प्राणांनीं द्यावी लागेल. जेथें दोष पाहण्याचें साधन एकाच पक्षाच्या हातीं आहे, तेथें प्रत्येक गिऱ्हाईक हें पोटच्या मुलीप्रमाणेंच समजलें पाहिजे.

घेणाराची बाजू सहसा कोणी तपासीत नाहीं. तीहि तपासली पाहिजे. नोंदणीच्या पुस्तकांत गाडीचें नांव काय, तिच्या सांगाड्यावरील आंकडा त्याच्याशीं जुळतो कीं नाहीं, हें विचारण्यास पुष्कळ हौशी लोक कचरतात, कारण उत्तर ऐकण्याची त्यांना भीति असते. उत्पादकानें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनांत करूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें निक्षून सांगितलें आहे. एका गाडीच्या कागदांवर दुसरीच गाडी फिरत असेल, तर ती प्रतिकृति नव्हे, तोतया आहे. जो मुद्दाम विचारीत नाहीं, तो फसविला जात नाहीं. तो फसवणुकींत भागीदार होतो.

आणि कागद चोख असले तरी एक परीक्षा उरतेच. गाडी मांडवीच्या धक्क्यावर उभी आहे, भोंवतीं पोरें जमलीं आहेत, आणि एकानें डोळे विस्फारून विचारलें, “ही खरी लोटस ना?” त्या क्षणीं हंसून गप्प बसणें फार सोपें आणि फार सुखाचें असतें. पण घोड्याचें तिसरें उदाहरण येथें जसेंच्या तसें लागू पडतें. दुसऱ्याच्या वस्तूचा मान आपल्या मौनानें आपण घेतला, तर पैशाची अफरातफर झाली नाहीं एवढेंच. दुसरी एक झाली.

म्हणून माझें उत्तर असें आहे: सारखी वस्तु घेण्यांत कमीपणा नाहीं. तिच्यामागें एका माणसाचें कसब आणि एका सुंदर घाटाविषयींचें प्रेम आहे, आणि प्रेमानें केलेलें अनुकरण हें चोरीहून अगदीं निराळें आहे. मात्र अशी गाडी घेणारानें आधीं जाणत्या मेस्त्रीकडून ती खोलून तपासून घ्यावी; कोणता भाग कोठचा, कोणता सांधा केव्हांचा, ह्याची एक वही विकणाराकडून मागून घ्यावी; नसेल तर स्वतः लिहावी; आणि पुढें कधीं गाडी विकली, तर किल्लीबरोबर ती वहीहि द्यावी. गाळलेला शब्द पुन्हा जागेवर बसविण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाहीं.