पोट दुखतंय, सर

शहापूर तालुक्यात आटगाव-खर्डीच्या बाजूला शाळेतल्या मुली खो-खो, कबड्डी जीव तोडून खेळतात. मधेच एखादी म्हणते, ‘पोट दुखतंय, सर.’ सरांना कळतं, पण ते विषय वाढवत नाहीत. घरीही ‘बाजूला बस’ एवढ्यावर भागतं. त्या चार दिवसांत अंगाला विश्रांतीच हवी, हे आजीचं मत आपण अडाणी म्हणून झटकतो. 1873 मध्ये हार्वर्डचे डॉ. एडवर्ड क्लार्क वेगळं काही म्हणत नव्हते, आणि त्यांना तर मुलींचं मुलांच्या बरोबरीने उच्च शिक्षणच नको होतं.

त्यांना उत्तर दिलं डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. त्यांनी 268 बायकांची उत्तरं तपासली, नाडीचे आलेख काढले आणि निरोगी बाईला पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही, असं मांडलं. त्या निबंधाला 1876 मध्ये हार्वर्डचंच बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. जेकोबी फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथूनच 1886 मध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी पदवी घेतली. (आटगावची लोकल कल्याणवरूनच येते, ते उत्तर मात्र इथवर पोचलं नाही.)

पुढे त्या उत्तराचाही धाक झाला. फरक पडत नाही म्हटल्यावर दुखतंय म्हणणारी नाजूक ठरली. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला वेटलिफ्टर मीराबाई चानूने एकूण 199 किलो उचललं, कांस्य 200 वर गेलं. पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. 2020 मध्ये 78 अभ्यासांचा एकत्र आढावा झाला, त्यात पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरी अगदी किंचित घटते, एवढंच निघालं. पण एकीला काहीच होत नाही आणि दुसरी कळांनी वाकते, या दोघींची सरासरी काढून कुणाच्या हाती काय लागणार? शिवाय किंचितही पुरेसं असतं; मीराबाईचं पदक अर्ध्या टक्क्यानेच हुकलं.

आटगावच्या मुलीची शर्यत अर्ध्या टक्क्यावर अडत नाही. तिची अडते रक्तावर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पाळीत दर महिन्याला लोह जातं. ते भरून निघालं नाही की धाप लागते, पाय जड होतात, आणि सर म्हणतात दम नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चहाबरोबर घेतली, तर त्यातलं लोह अंगी कमीच लागतं. इंग्लंडमधल्या चेल्सीच्या महिला फुटबॉल संघाने 2020 च्या सुमारास पाळीचं चक्र पाहून सराव आखायला घेतला, ते छानच. आपल्याकडे आधी हिमोग्लोबिन पाहावं.

आणि पाळी चुकली तर? सरावाच्या दिवसांत ती सुटकाच वाटते. पण धावणं जास्त आणि ताटात कमी, असं झालं की शरीर पाळी थांबवतं; हाडंही ठिसूळ होत जातात.

म्हणून तारखा लिहून ठेवाव्यात, असं आता जाणकार सांगतात. पण याच शहापुरात जुलै 2025 मध्ये एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तेव्हा कुणाला पाळी आली आहे हे पाहण्यासाठी मुलींचे कपडे उतरवले गेले. मुख्याध्यापिकेला अटक झाली. अशा ठिकाणी तारखांची वही सरांच्या कपाटात ठेवायला मी तरी सांगणार नाही. ती मुलीच्या दप्तरात असू दे. ‘आज हलकं घेते’ एवढं तिने म्हटलं, तरी सरांना सराव आखता येतो.